डाव्या कानापुरतं इंजिन

माजिवडा, ठाणे
१४ जानेवारी २०२४

चि. सौ. जयास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

पत्र बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकलंय. घरी आलं असतं तर रवींद्ररावांनी कौतुकाने तुझ्या मीरावहिनीला फोन केला असता, आणि यातलं तिला अजून काही कळायला नकोय. मोबाइलवर लिहिलं असतं, पण माझा मोबाइल तुझी वहिनी माझ्याआधी वाचते.

दादा फोन उचलत नाही, उचललाच तर भलतंच बोलतो, म्हणून तू रागावली आहेस. परवा तू पाठदुखीचं विचारलंस आणि मी म्हणालो की मेकॅनिक पोपट उद्या सकाळी येतोय, कारण मला वाटलं तू गाडीचं विचारतेस. तू हसली असशील. मला हसणंही ऐकू आलं नाही जया, तू गप्प झालीस एवढंच कळलं. उजवा कान गेल्या वर्षीच गेला. आता डावाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात की नसच सुकत चालली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. यंत्र लावलं तर काही काळ निभेल, पुढे तेही नाही. किती काळ, हे विचारलं तर ते खिडकीबाहेर बघतात.

आता गाडीचं. निवृत्तीनंतर मी ती जुनी फियाट घेतली तेव्हा तू म्हणालीस की दादाने भंगारवाल्याच्या तोंडचा घास काढून घेतला. म्हण. पण आयुष्यभर मी कंपनीत दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढली. कागदावर सगळीच यंत्रं चालतात. एक तरी यंत्र स्वतःच्या हातांनी जोडून ते सुरू झालेलं मला ऐकायचंय. अगोदर वाटायचं, सावकाश करू, हौसच आहे. आता सावकाश करता येत नाही.

आणि इंजिन जाम आहे. पुलाजवळच्या गॅरेजवाल्या पोपटने प्लग काढून आत डिझेल ओतून ठेवलंय. रोज सकाळी आम्ही दोघं सोसायटीच्या आवारात लांब पाना लावून जोर करतो. इंजिन तसूभर हलत नाही. काल पोपटने पान्याला पाइप जोडला तर पाना मोडला आणि तो पाठीवर पडला.

उत्तर पोपटच्या गॅरेजच्या पत्त्यावर धाड. मुलांच्या वह्यांमधून वेळ काढ आणि या म्हाताऱ्यावर लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
कुंडलिकदादा


कोपर, डोंबिवली (प.)
२३ जानेवारी २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या शिपायाने भर वर्गात आणून दिलं. मुलांना गणितं घातली आणि वाचलं. मग फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण चौथीतली मुलं फार चौकस असतात.

मी तुझ्यावर रागावले होते रे. यांना म्हणत होते की दादा निवृत्त झाला आणि आम्हाला विसरला. आता स्वतःचाच राग येतोय, पण तुझाही येतोय. एवढी मोठी गोष्ट तू भंगारातल्या गाडीला सांगितलीस आणि बहिणीला नाही.

वहिनीला सांग. अशा गोष्टी घरात लपत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, मी रजा काढून बरोबर येते. आणि कानात यंत्र घालायला लाज कसली? डोळ्यांवर चष्मा लावताना तर तू आरशात दोनदा बघितलं होतंस.

गाडीतलं मला काही कळत नाही. मला चारचाकीत बसलं की मळमळतं, हे तुला माहीत आहे. पण जाम झालेलं झाकण जोर करून नाही, गरम करून निघतं. पोपटना सांगून बघ. हसले तर हसू देत.

काळजी घे. तुझ्या शब्दाची वाट बघत,
तुझी जया


माजिवडा, ठाणे
३ मार्च २०२४

चि. सौ. जयास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझं झाकण निघालं! पोपट हसलाच, पण इंजिनचा ब्लॉक बाहेरून गरम केला, पुन्हा डिझेल ओतलं, आणि चौथ्या सकाळी पान्याने हातभर चक्कर घेतली. मी तिथेच फरशीवर बसलो. पोपटने पेढे आणले. तुझ्या नावाचा एक मीच खाल्ला.

आता पुढचं. इंजिन सगळं खोललं, धुतलं, रिंगा बदलल्या, वरचं हेड घासून आणलं. पोपट म्हणाला की हेड चांगलं आहे, लाव. लावलं. गेल्या रविवारी चावी फिरवली. ती खोकली, दोनदा धूर टाकला आणि सुरू झाली. मी डावा कान बॉनेटकडे केला. कानातल्या यंत्रातून नुसती खरखर आली, पण त्या खरखरीच्या तळाशी काहीतरी फिरत होतं. तेवढ्यात पोपटने हात मारून ती बंद केली. पाइपातून पांढरी वाफ येत होती. तेल तपासायची पट्टी काढली तर तेल नव्हतंच, चहा होता, दूध जास्त झालेला. हेडला केसाएवढी चीर आहे, तिच्यातून पाणी तेलात उतरलं. पोपटला ती दिसली नव्हती. तो माझी माफी मागत होता बहुतेक. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला फक्त त्याचे दात दिसत होते.

त्याच मापाचं दुसरं हेड आता कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात शोधायचं. मिळेलही. पण मला भीती दुसरीच आहे. सकाळी मीरा कुकर लावते. जानेवारीत मला शिट्टी ऐकू यायची. फेब्रुवारीत मी शिट्टीची वाट बघायला लागलो. आता वाफ दिसते तेव्हा कळतं. गाडी आणि कान यांची शर्यत लागली आहे, आणि गाडी एक पाऊल पुढे टाकून दोन मागे येते.

मीराला अजून सांगितलेलं नाही. यंत्र कानात आहे ते तिला दिसतं, पण ऐकू थोडं कमी येतं, इतकंच तिला ठाऊक. रागावू नकोस.

रवींद्ररावांना जयभीम. माझी आठवण असू दे.

तुझा,
दादा


माजिवडा, ठाणे
२१ एप्रिल २०२४

चि. जयास,
जयभीम.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

हेड मिळालं होतं. गेल्या आठवड्यात बसवलं. तेल बदललं, पण खाली टाकीत त्या दुधाळ तेलाचा चिखल राहिला असावा. काल दुपारी पोपट जेवायला गेला होता. मी थांबायला हवं होतं. पण दोन दिवसांपासून डावीकडची खरखरही विझत चालली होती, आणि मला वाटलं की आजच, नाहीतर कधीच नाही.

चावी फिरवली. पहिल्या झटक्याला सुरू झाली. स्टीअरिंगला हात लावला तर थरथर हातात येत होती. आवाज नव्हता. कानातल्या यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला, तरी नाही. वाटलं, अॅक्सिलरेटर दाबला तर येईल. दाबला. थोडा आला, फार लांबून, पलीकडच्या सोसायटीत कुणी दार ठोकत असावं तसा. मी खूश झालो जया. आणखी दाबला.

समोरून वॉचमन धावत आला. दुसऱ्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. सगळे हात हलवत होते. मला वाटलं, इतक्या महिन्यांनी गाडी चालू झाली म्हणून टाळ्या वाजवतायत. मीही काचेतून हात हलवला. हसलो.

ते सगळे गाडी बंद करा म्हणून ओरडत होते. इंजिन आतून घणासारखं ठोकत होतं. त्या चिखलाने तेलाची जाळी तुंबली होती आणि बेअरिंगला तेल जात नव्हतं. तेल कमी पडलं की लागणाऱ्या दिव्याची वायर आम्ही अजून जोडलीच नव्हती. तो आवाज कोणीही ऐकला असता, लहान मुलानेसुद्धा. पिस्टनचा दांडा तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. मला ते पायाला बसलेल्या हिसक्याने कळलं. मग खालून तेल वाहायला लागलं.

हात हलवतानाचा माझा चेहरा सगळ्यांनी पाहिला.

गाडी भंगारात देतोय. यंत्रही कानातून काढून ठेवलंय, त्यातून आता काही येत नाही. तू इकडे येऊ नकोस. आलीस तरी मी काय ऐकणार?

दादा


माजिवडा, ठाणे
६ मे २०२४

प्रिय जयाताईंना,
मीराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर हे सांगवत नाही, आणि शाळेला सुट्टी म्हणून पत्र घरच्या पत्त्यावर टाकतेय. दोघं बहीणभाऊ चोरून पत्रं लिहिता ते मला केव्हापासून माहीत आहे. कानाचंही माहीत होतं. मला सांगितलं नाही म्हणून मला कळलं नाही का? बायको आहे मी. ते उजव्या कुशीवर झोपले की दाराची बेल वाजलेली त्यांना कळायची, डाव्या कुशीवर असले की नाही. तेव्हापासून मी रात्री त्यांना डाव्या कुशीवर वळू देत नव्हते. त्यांना वाटायचं मी झोपेत ढकलते. ते सांगतील म्हणून थांबले, आणि थांबले तेच चुकलं असं आता वाटतंय.

ताई, ते जेवत नाहीत. पुढ्यात ताट ठेवलं की भात कालवत बसतात. दिवसभर खाली त्या मोडक्या गाडीत काचा बंद करून बसतात. एवढ्या उन्हात! मी पाटीवर लिहून दाखवलं की वर चला, तर मान फिरवली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. गाडी देतही नाहीत आणि ठेवतही नाहीत.

मुद्दा हा नाही. मंगळवारी ते सांगून गेले की दूध आणतो, आणि बराच वेळ आले नाहीत. मी शोधत गेलेले, तर माजिवड्याच्या हायवेला दोन रस्त्यांच्या मधल्या कठड्यावर उभे. दोन्हीकडून गाड्या. मी इकडून हाका मारतेय, आणि कुणाला मारतेय? सिग्नल लागल्यावर धावत गेले आणि हात धरला. विचारलं की इथे काय करताय. ते म्हणाले की बघत होतो, आवाज नसला तर एवढ्या गाड्यांची भीतीसुद्धा वाटत नाही. शांतपणे म्हणाले. घरी आणून दाराला आतून कडी घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलंय, गोळ्या चालू झाल्यात. पण एकटीला नाही ओ जमत. मी आंघोळीला गेले तरी शेजारच्या वहिनींना बसवते.

तुम्ही या. ते नको म्हणतील तरी या.

तुमची,
मीरा


कोपर, डोंबिवली (प.)
१३ मे २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा तुझ्या घरी मी पाटीवर लिहीत होते आणि तू डोळे मिटून घेत होतास. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की समोरच्याने काय करायचं? म्हणून हे पत्र. वहिनी ते तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत समोर बसेल. पत्र आलं की तू वाचतोसच, हे मला माहीत आहे.

त्या कठड्याचं मला कळलंय. तुझ्यावर ओरडणार नाही. एवढंच सांगते की ते कळल्यापासून मी रात्री उठून वहिनीला फोन करते. तू गेलास तर माझं लहानपण ओळखणारा कुणी उरत नाही, दादा. डॉक्टरांच्या गोळ्या घे. पुन्हा तसं वाटलं तर वहिनीचा हात धर, काही बोलू नकोस, नुसता धर. तिला कळेल, तसं आमचं ठरलंय.

आता दुसरं. काल मी पोपटभाऊंना भेटून आले. गाडी भंगारात जाणार नाही. फुटका ब्लॉक टाकून द्यायचा आणि दुसरा शोधायचा, असं आम्ही ठरवलं. तुझी परवानगी घेतली नाही. पोपटभाऊ म्हणाले की जोडणी तुझ्यासारखी त्यांनाही येत नाही, तुझं नट आवळायचं माप कधी चुकत नाही. चुकला तो कान. तर कान मी देते. दर रविवारी येईन, गाडीशेजारी उभी राहीन आणि जे ऐकू येईल ते सांगेन. मला टॅपेट आणि टायर यांतला फरक कळत नाही, तो तुला शिकवावा लागेल. शिकव. शिकवणं सोपं नसतं हे तुलाही कळू दे.

तू म्हणशील की मी ऐकणारच नाही तर गाडी कशाला. मला फक्त तू त्या फरशीवर हात काळे करून बसलेला हवा आहेस.

रविवारी येतेय. जेवून तयार राहा. तुझ्याच भरवशावर असलेली,
जया


माजिवडा, ठाणे
२८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. जयास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

ओरडू नकोस, गोळ्या चालू आहेत. मधले पंधरा दिवस वाईट गेले हे खरं. मीराचा हात मी दोनदा धरला. तिने विचारलं नाही, पोळ्या सोडून शेजारी बसली. एकदा पोळी जळाली ते मला वासाने कळलं.

तुझ्या शिकवणीचा पुढचा धडा देतो, कारण गेल्या रविवारी तू घाबरून सगळ्याच आवाजांना हात वर केलास आणि आम्ही सकाळभर इंजिन चालू-बंद करत बसलो. टॅपेट सैल असतील तर शिलाई मशीन चालल्यासारखं वरच्या बाजूने टिकटिकतं, ते चालतं, त्याने काही मोडत नाही. पट्टा सैल असेल तर कुत्र्याचं पिल्लू दारात अडकल्यागत चिरकतं. पण खालून, पोटातून, मुठीने दार वाजवल्यासारखं आलं तर हात वर करायचा नाही, सरळ चावी काढायची. तो आवाज मी माझ्या बोटांनी बॉनेटवर वाजवून दाखवला होता. बरोबर वाजवला का, हे मला कळलं नाही. पोपटने मान हलवली, पण तो दयाळू आहे.

हे लिहिताना लक्षात येतं की मला हे सगळे आवाज अजून येतात. आतून. फक्त कधी येतील ते माझ्या हातात नाही.

भिवंडीहून आणलेला ब्लॉक ठीक निघाला. पण गाडीचं नशीब माझ्यासारखंच आहे. कापूरबावडीच्या उतारावरचं तू विसरली नसशील. ब्रेकवरचा पाय थेट खाली गेला, आत काहीच लागेना, आणि समोर मेट्रोच्या कामाची रेती नसती तर पोपटसकट आपण तिघं सिग्नलवरच्या बसखाली गेलो असतो. हँडब्रेक ओढताना मी तुझ्याकडे पाहिलं. तुझं तोंड पूर्ण उघडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला बहिरेपणाचा फायदा झाला. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरातला रबरी वायसर वितळला होता. आता चारही चाकांचं ब्रेकचं काम नव्याने करतोय. मग गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं, ते वेगळं. त्या दिवशी मी पाना फेकला, पोपटनेही फेकला, आणि मीराने दोन्ही उचलून आणून आमच्यासमोर ठेवले.

लायसन्सचं तू म्हणालीस ते खरं निघालं. डॉक्टरांचा दाखला घेऊन आरटीओत गेलो. साहेबाने कागदावर लिहून प्रश्न विचारले, मी तोंडी उत्तरं दिली. बहिऱ्याला गाडी चालवता येते. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावलेत आणि मागच्या काचेवर कानाची खूण चिकटवली आहे.

पुढच्या रविवारी येताना वांग्याचं भरीत आण. मास्तरीणबाईंनी विद्यार्थ्यावर मर्जी ठेवावी.

तुझा,
दादा


माजिवडा, ठाणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जयास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

काल तुझ्याकडून गाडीनेच घरी सुखरूप पोचलो. येतानाही शिळफाट्याला पाणी उकळलं, थांबून गार केलं. जातानाच्या मानाने कमी. मुंब्र्याच्या वळणावर पुन्हा तिसरा गिअर सुटला. मीरा सगळ्या वाटेत माझ्या मांडीवर हात ठेवून बसली होती. मागून कुणी हॉर्न दिला की ती चिमटा काढायची. मांडी काळीनिळी झाली आहे.

एक मागतो. काल तुझ्या दारात तू गर्दीत होतीस, विचारता आलं नाही. इतके महिने तू मला काय बिघडलंय तेच सांगत आलीस, ते कामच होतं तुझं. काल ती तुझ्या गल्लीत शिरली तेव्हा तू गॅलरीत उभी होतीस. कशी वाजत होती ती? बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. जसं ऐकलंस तसं लिही. मीराला विचारलं तर ती म्हणते छान, आणि छान हा काही आवाज नाही.

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
दादा


कोपर, डोंबिवली (प.)
२२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. निबंध होत होता. आता जसं झालं तसं लिहिते.

तुम्ही दिसण्याच्या बरंच आधी मला ती ऐकू आली. आधी वाटलं की मागच्या इमारतीत कुणी सुपाने गहू पाखडतंय, एका लयीत, मध्ये एक झटका. मग ती वळली आणि आवाज भिंतींत सापडला, तेव्हा जाड झाला, घोगरा, सर्दी झालेल्या माणसाने गुणगुणावं तसा. तिच्या चार ठोक्यांतला एक मागे राहतो, दादा. तीन पावलं बरोबर आणि चौथं किंचित लंगडं. पोपटभाऊंना ते माहीत आहे, ते म्हणाले की प्लग बदलून बघू. रिक्षावाल्याला वाट द्यायला तू हळू झालास तेव्हा ती इतकी खाली आली की बंद पडली असं वाटलं. पण बंद पडली नाही. खाली जाऊन तिने पुन्हा लय धरली. तू अॅक्सिलरेटर दिलास तेव्हा पत्र्याचं काहीतरी थडथडलं, बहुधा मागची नंबरप्लेट, ती घट्ट कर. मुठीने दार वाजवल्यासारखं काही नव्हतं. मी गॅलरीचा कठडा धरून फक्त तेच शोधत होते. नव्हतं.

तू चावी काढलीस तरी ती लगेच थांबली नाही. आणखी दोन उचक्या दिल्या, आणि मग गप्प.

यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून तेही लिहिते. इंजिन थांबल्यावर गल्ली एकदम शांत झाली आणि त्या शांततेत तुझा आवाज आला. तू गाडीतून उतरत होतास आणि वहिनीला सांगत होतास की आली, मीरा, आली, आणली मी. तुला वाटलं असेल की तू हळू बोलतोयस. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत तू बोलायचास ते सपाट झालं होतं, सगळे शब्द एकाच उंचीचे, आम्ही तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी तसं नव्हतं. आली म्हणताना आवाज वर गेला, मी म्हणताना फुटला. तुझा, पूर्वीचा, जसाच्या तसा.

गाडीचा आवाज विचारलास, तो सांगितला. पण त्या गल्लीत त्या दिवशी सगळ्यात चांगला वाजला तो तू.

वहिनीला जयभीम, आणि चिमटे जरा हळू काढायला सांग. रविवारी येते, ऐकायला.

तुझी,
जया